विवा म्हणजे जिओ

ज्यांना कानात हेडफोन घालून भाग ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहिलेला भाग. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळलेलं काढलंय.

गेल्या काही महिन्यांत मेसेज आले त्यात एक विषय सारखा येत होता. मोबाईलवर स्पॅनिश शिकणाऱ्यांची संख्या आपल्याकडे भलतीच वाढलीये, आणि ते सगळे एकाच ठिकाणी येऊन अडकतात. वर्तमानकाळ झाला, भूतकाळ कसाबसा झाला, आणि मग ॲपमध्ये सबजंक्टिव्ह नावाचं प्रकरण उघडतं. तिथं अर्धे लोक ॲप डिलीट करतात. आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, व्याकरणाचा क्लास नाही. पण या सबजंक्टिव्हला इतिहास आहे, आणि त्यातला बराच आपल्या घरातला आहे. म्हणून आजचा भाग.

सुरुवात गोव्यापासून करू. २४ जून, सांजांवचा सण. सेंट जॉनचा दिवस. पावसाळा लागलेला असतो, विहिरी भरत आलेल्या असतात. पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालतात आणि धडाधड विहिरीत उड्या मारतात. नव्या जावयाचा त्या दिवशी वेगळाच थाट. उडी मारताना एक आरोळी असते: "विवा सांजांव!" आता हे "विवा" काय आहे? ओरडणाऱ्या पोरांना विचारलं तर म्हणतील, जयजयकार. बरोबरच आहे. पण व्याकरणाच्या वहीत या शब्दाची नोंद अशी होईल: पोर्तुगीज क्रियापद "विव्हेर", म्हणजे जगणं. नियमित क्रियापद. प्रेझेंट सबजंक्टिव्ह, तृतीय पुरुष, एकवचन. अर्थ: जगो. चिरायू होवो.

म्हणजे ज्या रूपाला घाबरून आपण ॲप डिलीट करतो, ते रूप गोव्यातली पोरं शतकानुशतकं विहिरीत उड्या मारताना ओरडतायत.

स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद "विविर", आणि रूप तेच, "विवा". (उच्चार आपल्या "ब"च्या जवळ जातो, "बिबा"सारखा. मी सोयीसाठी "विवा"च म्हणणार आहे.) फ्रिदा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीने १९५४ साली कलिंगडांच्या चित्रावर "विवा ला विदा" लिहिलं, म्हणजे "आयुष्य चिरायू होवो". तिथून ते शब्द कोल्डप्लेच्या गाण्याच्या नावात आले, आणि २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या स्टेडियमबाहेर तिकिटासाठी तडफडणाऱ्या आपल्या अर्ध्या पिढीच्या तोंडात. लोकसत्तेच्या तरुणांच्या पुरवणीचं नाव "व्हिवा". एक खुलासा मात्र करतो, कारण इंजिनिअरिंगवाले लगेच हात वर करतील: आपली परीक्षेतली "वायवा" ही वेगळी. ती लॅटिनमधल्या "जिवंत आवाजात" या अर्थाच्या शब्दजोडीतून आली आणि तिथे "विवा" हे विशेषण आहे. मूळ धातू एकच, पण "चिरायू होवो" असं वायवाबद्दल कोणालाच वाटत नाही.

आणि या धातूचं पुढचं नातं बघा. लॅटिनमधलं "विव्" आणि संस्कृतमधलं "जीव्" हे सख्खे भाऊ. ग्रीकमधलं "बिओस"ही त्याच घरातलं, ज्यातून बायोलॉजी आलं आणि इन्स्टाचा बायोसुद्धा. "जीव्"पासून हिंदीत "जीना", आणि त्याचं आशीर्वादाचं रूप "जियो". २०१६ साली ५ सप्टेंबरला ज्या नावाने आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये फुकट डेटा ओतला, ते नाव म्हणजे अर्थाने आणि मुळाने जवळपास "विवा"च. तुमच्या सिमकार्डावर एक इच्छा लिहिलेली आहे.

आता थोडं मशिन उघडून बघू. घाबरू नका, दोनच मिनिटं.

स्पॅनिशमध्ये "विवे" म्हणजे तो जगतो, किंवा राहतो. ही बातमी झाली. "विवा" म्हणजे तो जगो, त्याने जगावं. ही बातमी नाही, इच्छा आहे. फरक एका स्वराचा. "कांतार" म्हणजे गाणं. "कांता" म्हणजे ती गाते, "कांते" म्हणजे तिने गावं. म्हणजे जिथे साध्या रूपात "ए" आहे तिथे "आ" येतो, आणि जिथे "आ" आहे तिथे "ए". मला हे बिट फ्लिप केल्यासारखं वाटतं. सगळा संच म्हणाल तर: विवा, विवास, विवा, विवामोस, विवाइस, विवान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. नियमित क्रियापदांना एवढंच. बाकी जे अवघड आहे ते अनियमितांचं, त्यांचं रडगाणं आज नको.

हा उलटासुलटा स्वर आला कुठून? लॅटिनमधून. तिथे "विविट" म्हणजे तो जगतो आणि "विवाट" म्हणजे तो जगो. "आ" ही इच्छेची खूण. पण "कांतारे"सारख्या क्रियापदांच्या पोटात "आ" आधीच होता: "कांताट", ती गाते. तिथे पुन्हा "आ" लावून फरक कळला नसता. तिथे इच्छेची खूण "ए" आहे: "कांतेट". पुढे शतकं गेली, लोकांच्या बोलण्यात शेवटचा "ट" झिजून पडला, बाकी बरंच झिजलं, पण तो एक स्वर राहिला. एवढ्याशा स्वरावर बातमी आणि इच्छा यांच्यातला सगळा फरक उभा आहे. दोन हजार वर्षांत कितीतरी गोष्टी गळून पडल्या, पण लोकांनी हा फरक सोडला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्पेनमध्ये या रूपाचा एक जोडीदार आहे: "ओहाला". अर्थ साधारण "असं होवो", "देव करो". हा शब्द लॅटिन नाही. तो अरबी आहे, "अल्लाने इच्छिलं तर" अशा अर्थाच्या बोलीतल्या शब्दांतून आलेला. ७११ साली अरबांच्या सत्तेखालची फौज स्पेनमध्ये उतरली आणि शेवटचं ग्रानाडा पडलं १४९२ मध्ये. जवळजवळ आठशे वर्षं. सत्ता गेली, "ओहाला" राहिला, आणि त्याच्या मागे येणारं क्रियापद आजही सबजंक्टिव्हमध्येच लागतं. "ओहाला विवा", जगू दे रे बाबा. मी बोरी अरबचा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. गावाच्या नावातच "अरब" आहे म्हणून असेल, पण हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा पाहुण्यांच्या घरात ओळखीचा माणूस दिसावा तसं झालं. इच्छा करताना स्पेनचा माणूस अरबी शब्दाने सुरुवात करतो आणि लॅटिन स्वराने संपवतो.

त्याच १४९२ साली सालामांका शहरात आंतोनिओ दे नेब्रिहा याने स्पॅनिशचं व्याकरण छापलं. युरोपातल्या बोलीभाषांचं छापलेलं हे पहिलं मोठं व्याकरण मानतात. त्याने क्रियापदाचे पाच अर्थ सांगितले, त्यात इच्छेचा वेगळा आणि सबजंक्टिव्ह वेगळा. हे वर्गीकरण लॅटिनवरून उचललेलं होतं. सबजंक्टिव्ह या शब्दाचा अर्थच "खाली जोडलेला". एका वाक्याला दुसरं वाक्य जुंपायचं, त्यातलं क्रियापद. त्यातला "युंग" आणि आपल्या "योग"मधला "युज्" पुन्हा एकच. नाव देणाऱ्याने वाक्याची जागा बघितली, मनातली गोष्ट बघितली नाही, आणि माझ्या मते शिकणाऱ्यांचा घोळ या नावापासूनच सुरू होतो.

इथून आपण परत गोव्यात येतो, कारण हा साचा जहाजात बसून आपल्याकडे आला.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात उतरला. पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि १६४० पर्यंत ती तिकडेच राहिली. म्हणजे ही साठ वर्षं गोव्यावरचा राजा हा स्पेनचाच राजा होता, ही गोष्ट शाळेत आपल्याला कोणी सांगत नाही. स्टीफन्स साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीत, ओवीत, दहा हजारांहून जास्त ओव्या. जन्माने इंग्रज, कारभार पोर्तुगीजांचा, राजा स्पॅनिश, आणि ओवी मराठी! त्याने कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, इतरांनी भर घालून, १६४० मध्ये राचोललाच छापलं. भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

हे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं आणि लॅटिनच्या साच्यात बसवलेलं आहे. आपल्याकडची क्रियापदं परदेशी तक्त्यात भरायचं काम तिथे सुरू झालं. मग १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या विल्यम केरीचं मराठी व्याकरण, इंग्रजीत. मग १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं "महाराष्ट्र भाषेचें व्याकरण", मराठीत, पण धर्तीवर इंग्रजीची छाप. दादोबांचा जन्म १८१४ चा, म्हणजे तेव्हा वय बावीसच्या आसपास. आपल्यापैकी बरेच जण त्या वयात प्लेसमेंटच्या मॉक टेस्ट देत होते. त्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हटलं गेलं. या सगळ्या परंपरेतून घुसळून जे निघालं ते आपण नववी-दहावीत पाठ केलं: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. पाठ केलं, दोन मार्क मिळवले, विसरलो.

आता ते दोन मार्क परत काढू, कारण सबजंक्टिव्हची किल्ली तिथे आहे.

इच्छा सांगायला मराठीत निदान दोन जुनी रूपं आहेत. पहिलं "ओ"चं: होवो, मिळो, राहो, देव भलं करो. हे संस्कृतच्या "तु"पासून आलेलं. "भवतु" झिजत झिजत "होवो". आमच्या जिल्ह्यात ज्या घरांत रोज बुद्ध वंदना होते, तिथे "भवतु" हा शब्द लहान पोरांच्याही तोंडी असतो. तो पाली "भवतु" आणि आपला "होवो" एकाच खाणीतले. "विवा"शी अर्थाने सगळ्यात जवळचं हेच.

दुसरं "आवं"चं: जावं, करावं, बोलावं. हे मला जास्त मजेशीर वाटतं. याचं मूळ संस्कृतच्या "तव्य"मध्ये. "कर्तव्य" म्हणजे करायचं असलेलं, केलं जायचं असलेलं. प्राकृतात त्याचं "अव्व" झालं, मराठीत "आवं". तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या गद्यात, म्हणजे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेल्या त्या ग्रंथांत, हे रूप चांगलं रुळलेलं दिसतं. आणि मूळ असं "केलं जायचं" असल्यामुळे एक गंमत राहिली. "त्याने चहा करावा", "त्याने भाजी करावी", "त्याने जेवण करावं". क्रियापद करणाऱ्याकडे बघत नाही, चहा-भाजीकडे बघतं. आणि भूतकाळ नसतानाही कर्त्याला "ने" लागतो. इच्छेत करणाऱ्यापेक्षा जे व्हायचंय ते महत्त्वाचं, असं मराठी म्हणते असं मला वाटतं. भाषाशास्त्रज्ञ हसतील, हसू देत. स्पॅनिश याच्या उलट. तिथे क्रियापद कर्त्याला चिकटून असतं.

पण एका जागी दोघी इतक्या जुळतात की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेवला. हे नीट ऐका.

स्वतःसाठी इच्छा असेल तर स्पॅनिश म्हणते, "किएरो विविर". मराठी म्हणते, "मला जगायचंय". दुसऱ्यासाठी असेल तर स्पॅनिश रूपच बदलते: "किएरो के विवास". आणि मराठी? "तू जगावंस असं मला वाटतं." आपणही बदलतो! स्वतःची इच्छा एका रूपात, दुसऱ्यासाठीची इच्छा वेगळ्या रूपात, आणि दोघींनाही मध्ये जोडायला एक शब्द लागतो, तिकडे "के", इकडे "असं" किंवा "की". वर "विवास"मध्ये तूचा "स", "जगावंस"मध्ये तूचा "स". संस्कृतात "गच्छसि", लॅटिनमध्ये "विविस". हा "तू"चा "स" फार जुना, दोन्ही घरांचा सामाईक.

आता इंग्रजीत हेच सांगा. स्वतःसाठी "आय वॉन्ट टु लिव्ह", दुसऱ्यासाठी "आय वॉन्ट यू टु लिव्ह". क्रियापद तसंच, "टु लिव्ह". इंग्रजीतही हे रूप होतं, "गॉड सेव्ह द किंग"मध्ये अजून दिसतं, पण रोजच्या वापरातून ते जवळजवळ पुसलं गेलंय. आणि आपण शिकतो कसे? स्पॅनिश इंग्रजीतून. ज्या भाषेत हा फरक आहे ती भाषा, ज्या भाषेत तो फरक आहे त्या भाषेच्या माणसाने, ज्या भाषेत तो उरला नाही त्या भाषेतून शिकायचा. दोन्ही खोल्यांना दरवाजा असताना किल्लीच्या भोकातून बघण्यासारखं आहे हे. ॲप म्हणतं, ही संकल्पना तुमच्यासाठी नवीन आहे. कोणासाठी नवीन? ज्याने "पावसा, येवो बाबा एकदाचा" असं म्हणत जून काढलाय त्याच्यासाठी?

सगळं जुळतं असंही नाही, ते सांगायलाच हवं. शंकेच्या वाक्यात स्पॅनिश हेच रूप वापरते. "नो क्रेओ के विवा आकी", तो इथे राहतो असं मला वाटत नाही. मराठीत आपण तिथे "राहत असेल असं वाटत नाही" म्हणतो, "आवं" नाही. "तू गाशील तेव्हा" यातही स्पॅनिशला सबजंक्टिव्ह लागतो, आपल्याला साधा भविष्यकाळ पुरतो. तिथे पाठांतराला पर्याय नाही. पण इच्छा, आशा, विनंती, सल्ला या सगळ्या बाजूला मराठी माणूस निम्मं अंतर आधीच चाललेला असतो.

आता कोकणातलं एक गाव. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. चौलच्या परिसरात पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले आणि १७४० मध्ये मराठ्यांमुळे त्यांना तिथून निघावं लागलं. शिपाई, कारकून, पाद्री गेले. पण कोर्लईतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तयार केलेली पोर्तुगीज मिश्र बोली तिथेच राहिली. ते तिला "नौ लिंग" म्हणतात, आपली भाषा. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. काही शे लोकांची बोली, भोवती सगळीकडे मराठी.

या बोलीत काय झालं? पोर्तुगीजचे ते सगळे तक्ते, मी-तू-तो-आम्हीचे प्रत्यय, गळून पडले. त्यांच्यासोबत "विवा, विवास"सारखा संचही गेला. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची रचना मराठीच्या वळणाची: क्रियापद शेवटी. आणि पोर्तुगीजच्या तीन क्रियापद-गटांना त्यांनी चौथा गट जोडला, मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी, शेवटी "उ" लावून. म्हणजे लिस्बनहून आलेल्या यंत्रात कोर्लईने स्वतःचा पार्ट बसवला. तक्ता गेला म्हणून तिथल्या आईला पोराने जेवावं असं वाटायचं थांबलं नाही, ती ते दुसऱ्या शब्दांनी सांगते. पण पोरं शाळेत मराठी शिकतात, कामाला मुंबईकडे जातात, आणि एवढ्या छोट्या बोलीसाठी हा हिशेब नेहमीच कठीण असतो.

आणि आता आमच्याकडे. गेला अर्धा तास मी प्रमाण मराठीचं बोलतोय, पण वऱ्हाडीत याहून वेगळं एक रूप आहे. "उद्या येजो." "सांभाळून जाजो." "पोहोचल्यावर फोन करजो." "ये" म्हणजे आत्ता ये. "येजो" म्हणजे नंतर, जमेल तसं, पण ये हं. आज्ञा कमी, इच्छा जास्त. बोरीच्या बसस्टँडवर एसटी हलली की खिडकीबाहेरून हाच "जो" ऐकू येतो.

मी शिकायला पुण्यात गेलो तेव्हा हॉस्टेलवर या "जो"ची जाम टिंगल व्हायची. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत विदर्भातली बहुतेक पोरं "फोन कर" म्हणायला लागली होती. घरी फोन लागला की परत "करजो". तुमच्यातल्या अनेकांचं असंच झालं असणार.

तर त्या "जो"ची वंशावळ. गुजरातीत निरोप घेताना म्हणतात "आवजो". राजस्थान आणि हिंदी पट्ट्यात "कीजो", "आइयो" अशी रूपं आहेत. गुजराती-राजस्थानीच्या या रूपांचं मूळ अभ्यासक प्राकृतच्या "एज्ज" या इच्छेच्या रूपाशी जोडतात. "करेज्ज", "होज्ज". पालीत तेच "एय्य". त्याच्या मागे संस्कृतचा विधिलिङ्. हाल राजाच्या नावावरची गाथासप्तशती ज्या माहाराष्ट्री प्राकृतात आहे, त्या प्राकृतात ही "ज्ज"ची रूपं चालतात. आमचं "येजो" मला त्याच पंगतीत बसलेलं दिसतं. म्हणजे ज्याला हॉस्टेलवर गावंढळ म्हणून हसत होते, तो प्रमाण मराठीने हरवलेल्या जुन्या इच्छार्थाचा वारसदार ठरतो. स्पॅनिशच्या "विवास"समोर भाषांतराला "जगजो" ठेवून बघा. तू जग, माझी इच्छा आहे, पुढेही. मला तरी याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

विदर्भातल्या कोणी स्पॅनिशची वही मांडली, तर सबजंक्टिव्हच्या पानावर इंग्रजी अर्थाऐवजी एक रकाना "आवं"चा आणि एक "जो"चा करून बघा. कसं जमलं ते व्हॉइस नोटवर कळवा. शंकेच्या वाक्यांचा रकाना रिकामा राहील, तो राहू द्या.

पुढच्या भागात शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूर ते यवतमाळ, व्हाया दारव्हा. विलायती कंपनीची ती छोटी गाडी, खूप जणांनी मागितलेला विषय आहे.

चला, थांबतो. पुढच्या भागाले येजो.